रोबोटिक शस्त्रक्रिया: कुठे खरा फायदा, कुठे नाही?

मुठाकाठ

पुण्या-मुंबईतच नव्हे, आता नाशिक, नागपूर, कोल्हापूरलाही रस्त्यावरच्या फलकांवर रोबोटिक शस्त्रक्रियेच्या जाहिराती दिसतात. मी रुग्णालयांतल्या यंत्रांच्या देखभालीचं काम करतो, म्हणजे बायोमेडिकल इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण ओळखीत कुणाला रोबोटिक ऑपरेशन सुचवलं की मला फोन येतो. प्रश्न ठरलेले असतात. ऑपरेशन मशीन करणार की डॉक्टर? मध्येच वीज गेली तर? जास्तीचे पैसे भरायचे की नाही? मला जे माहीत आहे ते इथे एकत्र लिहितो. डॉक्टर मंडळींनी भर घालावी.

आधी पहिला प्रश्न. पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी जी यंत्रं आपल्याकडे आहेत, त्यातलं एकही स्वतःच्या मनाने कापत किंवा शिवत नाही. यंत्राचे तीन भाग असतात. रुग्णाच्या टेबलाशी उभे केलेले यांत्रिक हात, व्हिडिओचा टॉवर आणि काही फुटांवरचा कन्सोल. सर्जन कन्सोलवर बसतात, त्यांना पोटातलं त्रिमितीय चित्र दहापटीपर्यंत मोठं दिसतं, बोटं कड्यांत अडकवलेली असतात आणि पाय पेडलवर. त्यांची बोटं हलली तर आतली हत्यारं हलतात. दा विंची या यंत्राच्या बंद कन्सोलमधून सर्जननी डोकं बाहेर काढलं की यंत्राचे हात जागच्या जागी थांबतात. रुग्णाजवळ दुसरे सर्जन हात धुऊन, गाऊन घालून उभे असतात. हत्यार बदलणं, सक्शन, क्लिप लावणं ही कामं त्यांची.

मग याची गरज का पडली? दुर्बिणीच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत हत्यारं लांब आणि सरळ असतात. त्यांना मनगट नसतं. पोटाच्या भोकातून टेकू मिळत असल्याने हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जातं. कॅमेरा सहायकाच्या हातात असतो आणि तासा-दोन तासांनी तो हात थकतो. अशा हत्याराने खोल जागी टाका घालणं म्हणजे लांब चिमट्याने सुईत दोरा ओवण्यासारखं. रोबोटच्या हत्याराला टोकाशी मनगट आहे, ते सात प्रकारे हलतं. हाताचा बारीक कंप गाळला जातो. सर्जनचा हात तीन सेंटिमीटर हलला तर आतलं टोक एकच सेंटिमीटर हलेल असं प्रमाण लावता येतं. कॅमेरा सर्जनच्याच ताब्यात असतो.

गमावलं काय, तर स्पर्श. ऊती किती ताणली जातेय हे बोटांना कळत नाही, ते डोळ्यांनी ओळखावं लागतं. २०२४ मध्ये आलेल्या दा विंची ५ मध्ये बळाची जाणीव हाताला देणारी हत्यारं आली आहेत, पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आधीची मॉडेल्स आहेत.

इतिहास थोडक्यात सांगतो. १९८५ मध्ये अमेरिकेत लाँग बीचला मेंदूतला तुकडा तपासणीसाठी काढताना सुईची दिशा धरायला प्यूमा हा कारखान्यातला यांत्रिक हात वापरला गेला. पुढे अमेरिकी लष्कराच्या पैशातून दूरशस्त्रक्रियेवर संशोधन झालं. जखमी सैनिक रणभूमीजवळ आणि सर्जन सुरक्षित जागी, अशी ती कल्पना. रणभूमीवर ती पोचली नाही, पण त्याच कामातून दा विंची उभा राहिला आणि जुलै २००० मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध आणि उपकरण नियामकाने, त्याला परवानगी दिली. डेट्रॉइटला डॉ. मणी मेनन यांनी प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी त्याचा पद्धतशीर वापर सुरू केला आणि तिथून हे जगभर पसरलं. दिल्लीच्या एम्समध्ये मूत्ररोग विभागात २००६ मध्ये ते आलं.

पुणेकरांना सहसा माहीत नसलेली एक गोष्ट. केंब्रिजच्या सीएमआर सर्जिकल कंपनीचा व्हर्सियस हा रोबोट माणसावर पहिल्यांदा वापरला गेला तो २०१९ मध्ये पुण्यात, दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात. पित्ताशय आणि गर्भाशय काढण्याच्या मिळून ३० शस्त्रक्रियांची ती पहिली चाचणी. आपल्या गावच्या डॉक्टरांचा आणि रुग्णांचा या तंत्रज्ञानात एवढा मोठा वाटा आहे आणि आपण ते कधी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता पैशांचा प्रश्न. यंत्राची किंमत कोटींत, वर्षाचा देखभाल करार वेगळा, आणि हत्यारं ठरावीक वेळा वापरून टाकून द्यावी लागतात. हा सगळा खर्च शेवटी बिलात येतो. बदल्यात रुग्णाला काय मिळतं? चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेल्या चाचण्या काय म्हणतात ते पाहू.

प्रोस्टेट: ब्रिस्बेनची चाचणी, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ साली आली. रोबोट विरुद्ध उघडी शस्त्रक्रिया, ३२६ पुरुष. बारा आठवड्यांनी लघवीवरचं नियंत्रण आणि लैंगिक क्षमता दोन्ही गटांत सारखीच. रोबोटच्या गटात रक्तस्राव कमी, रुग्णालयातला मुक्काम कमी.

गुदाशयाचा कर्करोग: रोलार चाचणी, २०१७. ४७१ रुग्ण, दहा देश. दुर्बिणीने सुरू करून शेवटी पोट उघडावं लागण्याचं प्रमाण १२.२ टक्के, रोबोटने ८.१ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

मूत्राशयाचा कर्करोग: रेझर चाचणी, २०१८. ३५० रुग्ण. दोन वर्षं आजार न वाढता राहिलेले रोबोटच्या गटात ७२.३ टक्के आणि उघड्या शस्त्रक्रियेत ७१.६ टक्के, म्हणजे सारखेच.

यावरून माझं मत असं झालंय की 'रोबोट चांगला की वाईट' हा प्रश्नच घेऊन जाऊ नये. डॉक्टरांना विचारावं, हेच ऑपरेशन तुम्ही रोबोटशिवाय कसं कराल, आणि माझ्या माणसाला नेमका काय फरक पडेल? याचं सरळ उत्तर मिळालं तर पैसे भरायला हरकत नाही.

विजेचं राहिलं. ऑपरेशन थिएटरला (ओटी) यूपीएस आणि जनरेटर असतो, शिवाय हत्यारं सुरक्षित बाहेर काढून हात बाजूला घेता येतील एवढी बॅटरी यंत्रात असते.

---

डॉ_युरो_सोलापूर

चांगला धागा. ब्रिस्बेनच्या चाचणीबद्दल एक महत्त्वाची गोष्ट सांगायला हवी. त्यात उघडी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनच्या गाठीशी सुमारे १५०० शस्त्रक्रिया होत्या आणि रोबोट वापरणाऱ्याच्या सुमारे २००. तरी निकाल सारखे आले. याचा अर्थ 'फरक नाही' एवढाच काढायचा, की कमी अनुभवाचा सर्जनही रोबोटमुळे लवकर त्या पातळीला पोचला असा काढायचा? मला दुसरा अर्थ जास्त पटतो. पण एकेकाच सर्जनवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये हेही खरं.

तुमच्या यादीत एक शस्त्रक्रिया राहिली, आणि माझ्या मते रोबोटचं सगळ्यात चांगलं काम तिथेच आहे. मूत्रपिंडातली गाठ काढून उरलेलं मूत्रपिंड वाचवणं. यात मूत्रपिंडाची रोहिणी क्लॅम्पने बंद करावी लागते. त्या क्षणापासून घड्याळ सुरू. साधारण २५ ते ३० मिनिटांच्या आत गाठ कापून, आतल्या रक्तवाहिन्या आणि लघवीची पोकळी शिवून, क्लॅम्प काढायचा, नाहीतर उरलेल्या भागाला इजा होते. साध्या दुर्बिणीने हे करणारे कुशल लोक आहेत, पण थोडे. त्यामुळे पूर्वी अनेकदा सोपं म्हणून अख्खं मूत्रपिंडच काढलं जायचं. मनगट असलेल्या हत्याराने वाकडी सुई हव्या त्या कोनात फिरवता येते आणि ती मिनिटं वाचतात. मधुमेह असलेल्या, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) आधीच वाढलेल्या रुग्णाला पुढे डायलिसिसपासून दूर ठेवण्यात याचा वाटा असू शकतो. इथे मी रुग्णाला रोबोटचा खर्च मोकळेपणाने सुचवतो.

पित्ताशयासाठी आणि साध्या हर्नियासाठी मात्र सुचवत नाही. दुर्बिणीने ते उत्तम होतं.

---

सुलभा_नाशिक

खूप उपयोगी माहिती, दादा. माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदलायचे आहेत. डॉक्टरांनी रोबोटिक सुचवलंय, दर गुडघ्यामागे वेगळा चार्ज आहे. गुडघ्याचं मशीन हेच का? आई म्हणते मशीनच्या हाती पाय देणार नाही.

---

ऑर्थो_सांगली

सुलभाताई, गुडघ्याचं यंत्र पूर्ण वेगळं. आईंना सांगा, पाय डॉक्टरांच्याच हाती असतो.

माको या यंत्राचं उदाहरण घ्या. आधी सीटी स्कॅन करून हाडाचं त्रिमितीय चित्र बनवतात आणि कुठे किती हाड कापायचं ते त्यावर आखतात. ऑपरेशनच्या वेळी मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना बसवून त्यावर खुणा लावतात, त्यामुळे पाय हलला तरी यंत्राला त्याची जागा कळत राहते. करवत सर्जननीच धरलेली असते. ती आखलेल्या हद्दीबाहेर जाऊ लागली की यंत्राचा हात तिला अडवतो. रोझा, कोरी अशी इतर यंत्रं आहेत, त्यांची रीत थोडी वेगळी, पण उद्देश तोच: हाड आखल्याप्रमाणे कापलं जावं.

आखणीच्या जवळ काप जातो हे खरं. पण त्यामुळे गुडघा जास्त वर्षं टिकतो का? दक्षिण कोरियातल्या सोलमधल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये १४०६ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. रोबोडॉक नावाचं यंत्र विरुद्ध नेहमीची पद्धत, आणि किमान दहा वर्षं पाठपुरावा. दुखणं, चालणं, सांधा सैल होणं, टिकाव, कशातच फरक निघाला नाही. रोबोडॉक ही जुन्या पिढीची वस्तू, स्वतः हाड कोरणारी. आजच्या यंत्रांचा इतका लांबचा पाठपुरावा अजून व्हायचा आहे.

मी दोन्ही पद्धतींनी करतो. जुन्या फ्रॅक्चरमुळे मांडीचं हाड वाकडं जुळलंय, आत जुना रॉड किंवा प्लेट आहे, अशा रुग्णात मला यंत्राची खरी मदत होते, कारण नेहमीची मोजमापाची सळई तिथे आत घालता येत नाही. सरळसोट संधिवाताच्या गुडघ्यात अनुभवी सर्जन असेल तर यंत्राविना निश्चिंत राहा. पिनांच्या जागी हाड मोडण्याचा धोका अगदी थोडा आहे, पण हाडं ठिसूळ असतील तर त्याबद्दल विचारून घ्या.

आणि हो, २०१७ पासून गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. रोबोटचा चार्ज त्या मर्यादेत येत नाही. अंदाजपत्रकात इम्प्लांट, रोबोट, ओटी आणि सर्जनची फी वेगवेगळी लिहून मागा.

---

भूलतज्ज्ञ_मेघना

भुलीच्या बाजूने लिहिते, कारण नातेवाइकांशी बोलताना हा विषय फारच कमी निघतो.

प्रोस्टेटच्या रोबोटिक शस्त्रक्रियेत टेबल डोक्याकडून चांगलंच खाली झुकवतात, २५ ते ३० अंशांपर्यंत. आतडी छातीकडे सरकून ओटीपोट मोकळं व्हावं म्हणून. वर पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरलेला. रुग्ण तसाच काही तास. पोटातला दाब आणि सरकलेली आतडी मिळून छाती आणि पोटामधल्या पडद्यावर भार टाकतात, फुप्फुसं नीट फुगत नाहीत. डोळ्यांतला दाब वाढतो. चेहरा, पापण्या, कधीकधी घशाच्या आतही सूज येते, म्हणून श्वासाची नळी काढायची घाई आम्ही करत नाही. बाहेर आल्यावर सुजलेला चेहरा पाहून घरचे घाबरतात. ती सूज बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरते.

म्हणून काचबिंदू असेल तर भुलीच्या तपासणीत आवर्जून सांगा. डोळ्यांचे थेंब चालू असतात, पण 'डोळ्यांचं औषध ते काय सांगायचं' म्हणून लोक सांगत नाहीत. दमा, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार), हृदयाची झडप, सगळं सांगा. काही रुग्णांना रोबोट झेपणार नाही, उघडी शस्त्रक्रियाच सुरक्षित, असं सांगायची वेळ येते.

दुसरं, यंत्राचे हात एकदा रुग्णाला जोडले, ज्याला आम्ही डॉकिंग म्हणतो, की टेबल हलवायचं नाही. आत हत्यारं अडकलेली असतात. काही नव्या मॉडेलांत टेबल आणि हात एकत्र हलतात, पण ते टेबल सगळ्यांकडे नसतं. रुग्णाचं हृदय मध्येच थांबलं तर आधी हात सुटे करून बाजूला न्यायचे आणि मग छाती दाबायची. म्हणून चांगल्या ठिकाणी याचा सराव घेतला जातो, कोणी काय करायचं ते ठरलेलं असतं. आपल्या रुग्णालयात हा सराव होतो का, हे विचारायला रुग्णाला संकोच वाटतो. माझी विनंती आहे, विचारा. आम्हाला राग येत नाही.

---

ओटी_सिस्टर_परळ

मेघना मॅडमशी सहमत. धागा चांगला आहे, पण मुठाकाठ दादांनी यंत्राबद्दल भरपूर लिहिलं आणि त्याच्याभोवतीच्या माणसांबद्दल एक-दोन ओळीच. मी अनेक वर्षं ओटीत आहे, म्हणून लिहिते.

सर्जन कन्सोलमध्ये डोकं घालून बसले की त्यांना खोली दिसत नाही. ट्रॉलीवर काय चाललंय, कोण आत आलं, बाटलीत किती रक्त जमा झालं, त्यांना फक्त ऐकू येतं. म्हणून आमच्याकडे प्रत्येक गोष्ट मोठ्याने बोलायची आणि समोरच्याने ती परत उच्चारायची अशी शिस्त आहे. 'सुई आत गेली', 'सुई बाहेर आली'. एकदा का ही शिस्त ढिली झाली की मशीन कितीही भारी असो, उपयोग नाही.

हत्यारं साफ करणं हेही मोठं काम. मनगटाच्या सांध्यात आणि आतल्या बारीक नळ्यांत रक्त सुकतं. ठरलेल्या दाबाने पाणी सोडून, ब्रश करून, मग ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक करणं. प्रत्येक हत्यारात चिप असते, ती किती वेळा वापरलं ते मोजते आणि संख्या संपली की मशीन ते हत्यार घेतच नाही. हात झाकायचे निर्जंतुक ड्रेप चढवायलाही सवय लागते. नवीन टीम असेल तर सुरुवातीच्या केसेसमध्ये तयारीतच बराच वेळ जातो आणि तेवढा वेळ रुग्ण भुलीखाली असतो.

म्हणून रुग्णांनी सर्जनचा अनुभव विचारावाच, पण सोबत 'तुमची रोबोटची टीम ठरलेली आहे का, की रोज वेगळी असते?' हेही विचारावं.

---

टेम्सकाठचा_मंदार

सिस्टरताईंनी लिहिलंय त्याची एक दुःखद साक्ष इंग्लंडमध्ये आहे. न्यूकॅसलच्या फ्रीमन हॉस्पिटलमध्ये २०१५ साली हृदयाच्या मायट्रल झडपेची रोबोटिक शस्त्रक्रिया झाली. तिथली अशी पहिलीच. रुग्ण काही दिवसांत गेला. २०१८ च्या चौकशीत पुढे आलं की सर्जनना त्या यंत्रावर पुरेसं समोरासमोर प्रशिक्षण मिळालेलं नव्हतं, मार्गदर्शनासाठी आलेले तज्ज्ञ ऑपरेशन चालू असतानाच निघून गेले होते, आणि कन्सोलमधून येणारा आवाज इतका चिरका होता की सर्जन आणि टेबलाजवळचे सहकारी यांना एकमेकांचं बोलणं नीट समजत नव्हतं. नेहमीच्या पद्धतीने केलं असतं तर बहुधा रुग्ण वाचला असता, असं कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, नोंदवलं. यात यंत्राने काही केलं नव्हतं. त्याच्याभोवतीची तयारी कमी पडली होती.

तरीही इथली आरोग्यसेवा थांबली नाही. २०२३-२४ मध्ये इंग्लंडात रोबोटच्या मदतीने सुमारे ७० हजार शस्त्रक्रिया झाल्या, २०३५ पर्यंत वर्षाला पाच लाखांचा अंदाज आहे. दुर्बिणीच्या दहापैकी नऊ शस्त्रक्रिया रोबोटने होतील असं एनएचएसने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेने, २०२५ मध्ये जाहीर केलं. त्याच वर्षी नाइस या उपचार तपासणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेने ११ यंत्रांना परवानगी दिली, पण अट घातली की तीन वर्षं माहिती गोळा करायची आणि मग फेरविचार. ही अट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे एवढ्या शस्त्रक्रिया होतात, पण कोणत्या रुग्णालयात किती, गुंतागुंत किती, हे सगळ्यांना पाहता येईल असं एका ठिकाणी नोंदलेलं नसतं.

---

वर्धेकाठचा_पोरगा

मला राग येतो हे सगळं वाचून. माफ करा, पण येतो. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रात्री सिझेरियनला भूलतज्ज्ञ मिळत नाही, बाई जिल्ह्याला पाठवतात, वाटेत काय काय होते ते आम्ही पाहिलं आहे. एका मशीनच्या पैशात किती भूलतज्ज्ञ किती वर्षं ठेवता येतील, सांगा बरं? आणि वरून सांगतात, आता दिल्लीचा डॉक्टर गावातल्या माणसाचं ऑपरेशन करेल.

---

मुठाकाठ

तुमचा राग रास्त आहे. दूरशस्त्रक्रियेबद्दल जे बोललं जातं ते मी जरा सविस्तर लिहितो, म्हणजे तुमचा मुद्दा आणखी स्पष्ट होईल.

७ सप्टेंबर २००१ रोजी डॉ. जाक मारेस्को न्यूयॉर्कमध्ये बसले होते आणि स्ट्रासबुर्गमधल्या ६८ वर्षांच्या बाईंचं पित्ताशय त्यांनी झ्यूस नावाच्या रोबोटने काढलं. शल्यविद्येच्या इतिहासातला तो मोठा दिवस. मग दोन दशकं फारसं काही झालं नाही, कारण तेवढी भरवशाची जोडणी महाग होती आणि गरजही पटवता येत नव्हती. आता ती स्वस्त झाली आहे. गुरुग्रामच्या एसएस इनोव्हेशन्सचा मंत्रा हा भारतीय रोबोट, डॉ. सुधीर श्रीवास्तव यांनी उभा केलेला. त्यावरून जानेवारी २०२५ मध्ये गुरुग्राममधून जयपूरच्या रुग्णावर, २८६ किलोमीटरवरून, हृदयाची शस्त्रक्रिया झाली. भारतीय यंत्र परदेशीपेक्षा बरंच स्वस्त आहे आणि याचा मला मनापासून अभिमान आहे.

पण जयपूरच्या त्या ओटीत काय होतं ते पाहा. भूलतज्ज्ञ होते, हृदयशल्यतज्ज्ञांची टीम होती, रक्त होतं, आयसीयू होता. जोडणी तुटली तर लगेच हात घालू शकेल असा सर्जन रुग्णाशेजारी लागतोच. त्यामुळे जिथे भूलतज्ज्ञ नाही तिथे दूरशस्त्रक्रिया होऊच शकत नाही. तुमच्या तालुक्याचा प्रश्न रोबोटने सुटणार नाही, तो माणसं नेमूनच सुटेल. दूरशस्त्रक्रियेचा खरा उपयोग मला दिसतो तो शिकवण्यात. लातूर-अकोल्यासारख्या ठिकाणच्या तरुण सर्जनना मुंबईतल्या अनुभवी सर्जननी प्रत्यक्ष केसवर मदत करणं.

सरकारी पैसा आधी कुठे जावा, याबाबत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे.

---

डॉ_रेवा_स्त्रीरोग

एक गोष्ट लिहायलाच हवी, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग आपल्या बायकांमध्ये खूप आहे. लवकर सापडला तर गर्भाशय आणि आजूबाजूच्या ऊती काढण्याची मोठी शस्त्रक्रिया करतात. ती दुर्बिणीने किंवा रोबोटने केली तर भोकं छोटी, दुखणं कमी, घरी लवकर. सगळ्यांनाच वाटत होतं की हेच चांगलं. २०१८ मध्ये लॅक नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. ३३ केंद्रं, ६३१ स्त्रिया. साडेचार वर्षांनी आजारमुक्त असलेल्या स्त्रिया उघड्या शस्त्रक्रियेत ९६.५ टक्के, दुर्बीण आणि रोबोटच्या गटात ८६ टक्के. मृत्यूही त्या गटात जास्त. त्या गटातल्या बहुतेक शस्त्रक्रिया साध्या दुर्बिणीच्या होत्या, रोबोटच्या सुमारे १६ टक्के, पण रोबोट त्यातून सुटतो असं म्हणायला आधार नव्हता. कारणांबद्दल तर्क आहेत: गर्भाशय हलवायला आतून घातलेलं उपकरण गाठीला घासतं, योनीमार्ग कापताना गाठ पोटात उघडी पडते, वायूचा प्रवाह पेशी पसरवतो. २०१९ मध्ये एफडीएनेही कर्करोगात रोबोट वापरण्याबाबत सावधगिरीची सूचना काढली. नव्या चाचण्या चालू आहेत, त्यात गाठ बंदिस्त ठेवण्याची काळजी घेतली जाते.

आता दुसरी बाजू. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग हा वेगळा आजार. तिथे कमी छेदाची शस्त्रक्रिया सुरक्षित असल्याचं मोठ्या चाचण्यांतून दिसलंय. आणि या रुग्ण पुष्कळदा स्थूल असतात, त्यांच्यात मोठा छेद भरून यायला त्रास होतो, तिथे रोबोट खरोखर उपकारक ठरतो.

दोन्ही आजारांत घरी 'पिशवीचा कॅन्सर' एवढंच सांगितलं जातं. तेव्हा मैत्रिणींनो, बायॉप्सीच्या कागदावर मुखाचा आहे की अस्तराचा हे बघा. मुखाचा असेल आणि कुणी रोबोट सुचवला, तर लॅक चाचणीचं नाव घेऊन स्पष्ट विचारा, आणि दुसऱ्या कर्करोगतज्ज्ञाचं मत घ्या.

---

निवृत्त_मास्तर

डॉ. युरो यांनी लिहिलेली मूत्रपिंडाची शस्त्रक्रिया माझीच झाली आहे. पोटाच्या सोनोग्राफीत योगायोगाने गाठ सापडली. एका ठिकाणी पूर्ण मूत्रपिंड काढा म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी वाचवता येईल म्हणाले. मी दुसऱ्या डॉक्टरांना लेखी प्रश्न नेले होते. अशी शस्त्रक्रिया आपण किती केल्या? किती जणांचं शेवटी पूर्ण मूत्रपिंड काढावं लागलं? पोट उघडायची वेळ आली तर ते आपणच कराल का? त्यांनी शांतपणे सगळी उत्तरं दिली, आकडेही सांगितले. तिथेच माझा निर्णय झाला. मूत्रपिंड वाचलं, क्रिएटिनिन स्थिर आहे.

विद्यार्थ्यांना आयुष्यभर प्रश्न विचारायला शिकवलं, पण डॉक्टरांसमोर आपली पिढी गप्प बसते. बसू नये.

---

चिंतामणी_के

यंत्र बिघडण्याचं प्रमाण किती? याबद्दल कुणी लिहिलं नाही.

---

मुठाकाठ

अमेरिकेत एफडीएकडे आलेल्या तक्रारींचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. २००० ते २०१३ या काळात १४४ मृत्यू, १३९१ इजा आणि ८०६१ यंत्रबिघाडांच्या नोंदी होत्या. त्यातल्या २००७ ते २०१३ या वर्षांतच तिथे १७ लाखांहून जास्त रोबोटिक शस्त्रक्रिया झाल्या. बिघाडांत हत्याराचा तुकडा तुटून आत पडणं, ठिणगी उडून भाजणं, चित्र जाणं, यंत्र मध्येच बंद पडून पुन्हा सुरू करावं लागणं असे प्रकार होते. मृत्यूच्या नोंदींत प्रत्येक वेळी यंत्रच कारण होतं असं नाही, आणि सगळ्याच घटना कळवल्या जातात असं नसल्याने यावरून नेमकं प्रमाण काढता येत नाही. हृदय-फुप्फुस आणि डोकं-मान या अवघड शस्त्रक्रियांत त्रास जास्त, मूत्ररोग आणि स्त्रीरोगात कमी असं त्यात दिसलं.

---

सुलभा_नाशिक

सगळ्यांचे आभार. ऑर्थो सर, आईचं हाड सरळ आहे, जुनं फ्रॅक्चर नाही, म्हणून नेहमीच्या पद्धतीबद्दलही विचारणार आहोत. रोबोटिक केलं तर विमा मिळतो का?

---

विमा_ठाणे

ताई, आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, २०१९ मध्ये १२ आधुनिक उपचारांची यादी काढली, त्यात रोबोटिक शस्त्रक्रिया आहे. ऑक्टोबर २०२० पासून आरोग्य विम्यात हे उपचार सरसकट वगळता येत नाहीत. पण कंपनीला उपमर्यादा घालता येते. काही पॉलिसींत एकूण विम्याच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच किंवा ठरावीक रकमेपर्यंतच रोबोटिकचा खर्च मिळतो. पॉलिसीच्या कागदात 'आधुनिक उपचार' या मथळ्याखाली पाहा. कॅशलेसचा अर्ज करताना रुग्णालयाला रोबोटचा चार्ज वेगळ्या ओळीत दाखवायला सांगा आणि मंजुरीच्या पत्रात त्या ओळीसमोर किती रक्कम मंजूर झाली ते दाखल होण्याआधी वाचा. दोन गुडघे वेगवेगळ्या दिवशी करणार असाल तर उपमर्यादा दर शस्त्रक्रियेला आहे की वर्षाला, हे कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या.